सांधेदार बाहुला : जपानी वीरमूर्ती आणि संग्राहकाची साक्ष

खेळण्यांचा इतिहास लिहू पाहणाऱ्यास साधनांची उणीव प्रथमच जाणवते. मुलांच्या हातची वस्तू मोडते, टाकून दिली जाते. दप्तरखान्यात तिची नोंद राहत नाही. म्हणूनच जपानी दूरचित्रवाणीवरील वीरांच्या सांधेदार बाहुल्यांचा संग्रह हा केवळ छंद समजावा की इतिहासाचे साधन, हा प्रश्न विचारार्ह ठरतो.

हलणारी बाहुली मराठीस नवी नव्हे. ‘साइखडे’ हा शब्द ज्ञानेश्वरीत येतो. कुडाळजवळील पिंगुळीच्या ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्यांची परंपरा आजवर जतन केली आहे. परंतु ‘कळसूत्री’ या शब्दातच तिचे स्वरूप सूचित झाले आहे. तिची गती सूत्रधाराच्या हाती असते. सूत्र सुटले की बाहुली कोसळते. आधुनिक सांधेदार बाहुल्याची मुद्रा मात्र सांध्यातील घर्षणामुळे टिकते. हात काढून घेतला तरी तो फडताळावर उभा राहतो. या संग्रहाचा उगम तेथेच आहे.

या प्रकाराचा आरंभ जपानात नव्हे, अमेरिकेत झाला. १९६४ साली हॅस्ब्रो कंपनीने ‘जी. आय. जो’ हा सैनिक विक्रीस आणला आणि मुलगे बाहुली घेणार नाहीत या समजुतीने त्यास ‘ॲक्शन फिगर’ असे नाव दिले. जपानला ‘अल्ट्रामॅन’ (१९६६) व ‘कामेन रायडर’ (१९७१) या मालिकांनी वीर पुरविले. ताकारा कंपनीने जी. आय. जोचाच देह पारदर्शक करून १९७२ मध्ये ‘हेन्शिन सायबॉर्ग’ काढला. ‘हेन्शिन’ म्हणजे रूपांतर. एकाच देहावर निरनिराळ्या वीरांचे वेष चढविता येत. १९७४ मध्ये सुमारे १० सेंटिमीटर उंचीचा ‘मायक्रोमॅन’ आला. २००८ पासून बंदाईच्या ‘एस. एच. फिग्युआर्ट्स’ मालिकेने हेच वीर अधिक सूक्ष्म सांध्यांसह प्रौढ संग्राहकांपुढे ठेवले.

भारतात १९८० च्या दशकात दूरदर्शनवर ‘जायंट रोबॉट’ ही जपानी मालिका पाहिली गेली. तथापि सांधेदार बाहुला येथे आला तो त्याच वंशाच्या अमेरिकी शाखेतून. १९८७ साली स्थापन झालेल्या फनस्कूल कंपनीने हॅस्ब्रोचे साचे वापरून जी. आय. जोचे लहान आकाराचे बाहुले तयार केले. कंपनीचा कारखाना गोव्यात होता. त्यांतील काहींचे रंग मूळ अमेरिकी बाहुल्यांहून भिन्न आहेत आणि त्यामुळेच परदेशी संग्राहक ते शोधीत असतात.

येथे कालनिर्णयाचा प्रश्न उपस्थित होतो. बाहुल्याच्या अंगावर कोरलेले वर्ष बहुधा साच्याच्या स्वामित्वहक्काचे असते, निर्मितीचे नव्हे. पोथीच्या अभ्यासकास हा भेद परिचित आहे : ग्रंथरचनेचा शक वेगळा, प्रत उतरविल्याचा शक वेगळा. प्रतीचा काळ लिपी, कागद व शाई यांवरून ठरवावा लागतो. तसा बाहुल्याचा काळ रंग, प्लास्टिक व वेष्टनावरील छपाई यांवरून. ही तुलना करण्याइतके नमुने संग्राहकांनीच राखले आहेत.

मात्र या साधनात एक विसंगती आहे. पेटी न उघडता ठेवली तर वेष्टन सुरक्षित राहते, पण सांधा तपासता येत नाही. उघडली तर सांधा बोलतो आणि वेष्टनाची साक्ष उणावते. बाजारात न उघडलेल्या पेटीस अधिक मोल मिळते. अभ्यासकास दोन्ही प्रकारचे नमुने हवेत. आणि खेळून सैल झालेला सांधा तर विशेषच हवा, कारण मुलाच्या हाताची खूण केवळ त्याच्यावरच उरलेली असते.