बाळंतिणीचा सव्वा महिना : विश्रांतीचा खर्च कोणी सोसला?

१/ आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ. आषाढात या तिन्ही खोऱ्यांत भाताची आवणी सुरू झाली की घरातला प्रत्येक हात शेतात लागतो. अशा दिवसांत एखादी स्त्री बाळंत झाली, तर तिच्या वाट्याचे काम कोणी करायचे? बाळंतपणानंतरच्या विश्रांतीचा इतिहास या प्रश्नापासून सुरू होतो. #थ्रेड

२/ परंपरेचे उत्तर होते सव्वा महिना. वेगळी अंधारी खोली, बाजेखाली शेगडी, ओवा-बाळंतशोपेची धुरी, अळीव, डिंकाचे लाडू. पहिले बाळंतपण माहेरी. सोयराचे दहा दिवस तिचा स्पर्शही वर्ज्य. या विटाळात अवहेलना होती. पण चूल आणि जाते यांपासून सुटका देणारी सबबही तीच होती.

३/ पाचवीला पाटा-वरवंट्यापाशी सटवाईची पूजा होते. कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. देवी रात्री बाळाचे भाग्य लिहिते, अशी श्रद्धा. कोयत्याने वा विळ्याने नाळ कापली जाई, तेव्हा नवजात बाळाचा धनुर्वात बहुधा पहिल्या आठवड्याच्या सुमारास प्रकट होई. जागून काढलेल्या त्या रात्रींमागची भीती निराधार नव्हती.

४/ ही भीती केवळ खेड्यांपुरती नव्हती. आनंदीबाई जोशी (जन्म १८६५) चौदाव्या वर्षी आई झाल्या. बाळ अवघे दहा दिवस जगले. पुढे त्या फिलाडेल्फियात वैद्यक शिकल्या. १८८६ मधील त्यांच्या पदवी-प्रबंधाचा विषय होता हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. त्या दहा दिवसांचे उत्तर त्यांनी शास्त्रात शोधले.

५/ १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि घाटमाथा मुंबईशी जोडला गेला. गिरणीच्या चाळीत सव्वा महिना पाळायचा कसा? वेगळी खोली नाही, माहेर दूर, आणि कामावर खाडा पडला की मजुरी बंद. रूढी तीच राहिली. तिला पेलणारे घर मात्र मागे सुटले.

६/ १९१९ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने प्रसूतीनंतर सहा आठवड्यांच्या विश्रांतीचा करार केला. सहा आठवडे म्हणजे ४२ दिवस, जवळजवळ आपला सव्वा महिनाच! भारताने त्याला मान्यता दिली नाही.

७/ जुलै १९२८. मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर चर्चा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. प्रसूतीच्या आधी व नंतर मातेला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे. हा भार मुळात सरकारचा, परंतु स्त्रीच्या श्रमातून लाभ घेणाऱ्या मालकानेही तो उचलावा, असा त्यांचा युक्तिवाद होता.

८/ १९२९ मध्ये कायदा झाला : प्रसूतीपूर्वी तीन आणि नंतर चार आठवडे, दिवसाला आठ आणे. चार आठवडे म्हणजे २८ दिवस, सव्वा महिन्याहून कमीच. तरीही भारतात प्रथमच बाळंतिणीची विश्रांती सासू किंवा आई यांच्या कृपेवर न राहता हक्क ठरली.

९/ पण हा हक्क कारखान्याच्या फाटकापाशी थांबला. आवणी करणारी मजूर स्त्री त्याबाहेर राहिली. १९६१ च्या कायद्याने बारा आठवडे दिले, २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस. तरी शेतात रोजंदारीवर राबणारीला त्यातून वेतन मिळत नाही.

१०/ म्हणून ‘पूर्वीच्या बायका आठव्या दिवशी कामाला लागत’ हे वाक्य कौतुकाने सांगू नये. ज्यांच्या घरी दुसरे हात होते त्या विसावल्या. ज्यांच्या घरी नव्हते त्या उठल्या. तो काटकपणा नव्हता, नाइलाज होता. आजही घरात बाळ आले की त्याला पाहायला जाण्याआधी एवढेच विचारावे : बाळंतिणीच्या वाट्याचे काम सध्या कोण करते आहे?

(समाप्त)