तीन रात्रींची धर्मशाळा, अडीच वर्षांचा आजार

धर्मशाळेचा जुना नियम तीन रात्रींचा. पंढरपूरला जा नाहीतर नाशिकला, यात्रेकरूने यावं, आंघोळ-दर्शन उरकावं आणि चौथ्या दिवशी वळकटी बांधावी. नियम वाईट नव्हता, मागून येणाऱ्यालाही ओसरी मोकळी हवी. पण तो करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे देवाला आलेला माणूस होता. रक्ताच्या कॅन्सरचं पोर कडेवर घेऊन समस्तीपूरहून किंवा सावंतवाडीहून परळला उतरलेली बाई त्यांच्या हिशेबात कुठून असणार? तिचा मुक्काम सहा-आठ महिन्यांचा, आणि नंतरच्या फेऱ्या धरल्या तर दोन-अडीच वर्षांचा. परळ-दादरच्या दानधर्माचा गेल्या ऐंशी वर्षांचा इतिहास मला विचाराल तर एवढाच आहे, की तीन रात्रींची सवय असलेल्या दात्यांना सहा महिने सांभाळायला शिकावं लागलं. आणि हे त्यांना कुठल्या कीर्तनाने शिकवलं नाही, औषधांनी शिकवलं.

मी परळचीच. वडील गिरणीत साचेखात्यात, मी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका. निवृत्त झाल्यापासून एका रुग्णनिवासात किराण्याचा हिशेब बघते. त्यामुळे मला हा इतिहास तांदूळ-डाळ-तेलाच्या बाजूने दिसतो. डॉक्टरांच्या बाजूने लिहिणारे पुष्कळ आहेत.

टाटा रुग्णालयाची गोष्ट मुळात रक्ताच्या कॅन्सरपासूनच सुरू होते. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहेरबाई १९३१ साली त्याच आजाराने गेल्या. पुढच्या वर्षी दोराबजीही गेले, पण जाण्याआधी त्यांनी ल्युकेमियाच्या संशोधनासाठी पत्नीच्या नावाने न्यास करून ठेवला. परळचं रुग्णालय उघडलं २८ फेब्रुवारी १९४१ रोजी. दैव असं, की ज्या आजाराने मेहेरबाई गेल्या त्यावर त्या दिवशी जगात कुठेच औषध नव्हतं. शस्त्रक्रिया होती, रेडियम होतं, क्ष-किरण होते. पण रक्ताला सुरी लागत नाही. तसलं लेकरू आलं की आठवड्या-महिन्यांचा प्रश्न असे. आईबाप चार-आठ दिवस थांबत आणि त्याला घेऊन गावी परतत. म्हणजे त्या काळी तीन रात्रींची धर्मशाळा खरोखरच पुरत होती. हे वाक्य लिहायला मला बरं वाटत नाही, पण हिशेब तोच आहे.

तेही सगळे धर्मशाळेत उतरत नसत. परळ-लालबागच्या चाळींमध्ये कोकणातल्या एकेका गावाची मंडळाची खोली असायची. गावकरी वर्गणी काढून ती चालवत. दहा बाय बाराच्या त्या खोलीत पाळ्यांमध्ये वीस-वीस माणसं राहत, एक कामावर गेला की त्याच्या वळकटीवर रात्रपाळीचा येऊन झोपे. गोवेकरांचे कूड धोबीतलावाकडे असत, रीत तीच. गावात कोणी आजारी पडलं की मुंबईचा पत्ता म्हणून याच खोलीचा पत्ता दिला जाई. आमच्या मजल्यावरच्या खोलीत केईएम, वाडिया, टाटा अशा तिन्हीकडचे पेशंट मी लहानपणी पाहिले आहेत. बाई माणूस असेल तर ती आमच्याकडे झोपायची, कारण मंडळाच्या खोलीत सगळे पुरुष. आई कुरकुरायची. नळाला पाणी पहाटे तासभर, त्यात एक कळशी जास्तीची. पण सकाळी उठून तीच त्या बाईला हॉस्पिटलचा रस्ता दाखवायला जायची, आणि डब्यासाठी कोपऱ्यावरच्या खाणावळवाल्या मावशींना सांगून ठेवायची. कुठल्याही अहवालात या खोल्यांची नोंद नाही, कारण कोणी याला दान म्हणत नव्हतं.

दान म्हणून पहिल्यांदा हा प्रश्न ज्यांनी ओळखला त्यांत गाडगेबाबा येतात. गावोगाव खराटा घेऊन फिरणाऱ्या या माणसाने पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा तीर्थांच्या जागी धर्मशाळा बांधल्या हे सर्वांना ठाऊक असतं. पण मुंबईत जे. जे. रुग्णालयापाशी पेशंटच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा उभी करावी हे सुचणं मला जास्त मोलाचं वाटतं. कारण तिथे देऊळ नाही, पुण्याचा हिशेब लावायला जागा नाही. इस्पितळाच्या दारात उघड्यावर झोपलेला माणूस हाही यात्रेकरूच, असं त्यांनी धरलं. १९५६ साली बाबा गेले. त्यांच्या नावाच्या मिशनची दादर पूर्वेची धर्मशाळा पुढे टाटाच्या पेशंटांचं हक्काचं ठिकाण झाली. परळच्या ज्या रस्त्यावर टाटा आहे त्या रस्त्याला ज्यांचं नाव आहे ते डॉ. अर्नेस्ट बोर्जिस हे गोव्याच्या घराण्यातले शल्यविशारद. ते १९६९ साली वारले. त्यांच्या स्मरणार्थ वांद्र्याला बाहेरगावच्या पेशंटांसाठी घर झालं. नाना पालकर स्मृती समितीचं रुग्णसेवा सदन परळचंच, समितीची स्थापना १९६८ची. ही सगळी घरं मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी एकच होती. मुलांचं काही वेगळं असतं हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

येण्यासारखं तोवर काही घडलंही नव्हतं. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी १९४८ साली पहिल्यांदा दाखवून दिलं की औषधाने मुलांचा ल्युकेमिया काही काळ तरी मागे हटतो. त्याच वर्षी रेडिओवरून ‘जिमी’ नावाच्या मुलासाठी पैसे मागितले गेले आणि लोकांनी भरभरून पाठवले. पुढे फिलाडेल्फियात १९७४ साली आजारी मुलांच्या आईबापांसाठी इस्पितळाजवळ राहायचं घरही झालं. हा सगळा अमेरिकेचा भाग मी भराभर उरकते आहे, कारण परळला त्याचा लाभ मिळायला ऐंशीचं दशक उजाडावं लागलं. १९८३ साली टाटामध्ये डॉ. सुरेश अडवाणींनी एका लहान मुलीवर अस्थिमज्जेचं रोपण यशस्वी केलं. त्यानंतर मुलांच्या ल्युकेमियासाठी एमसीपी ८४१ नावाचा औषधांचा आराखडा आला. त्याने मुलं जगू लागली. सगळी नाही, पण बरीच. आणि जगण्याची अट एकच होती, की आराखडा शेवटापर्यंत पाळायचा. आधी महिना-सव्वा महिन्याची जोरदार केमो, मग काही महिने पुन्हा पुन्हा, मग गोळ्यांवर दीड-दोन वर्षं. मधेच सोडलं की आजार परत येतो, आणि परत आलेला आजार पहिल्यापेक्षा हट्टी असतो.

आता तारखा शेजारी ठेवून पाहा. गिरणी कामगारांचा संप सुरू झाला १८ जानेवारी १९८२ रोजी. अडीच लाख कामगारांतले पुष्कळ गावी गेले ते परत आलेच नाहीत. खाणावळी बसल्या. मंडळाच्या खोल्यांची वर्गणी थांबली, काही खोल्या विकल्या गेल्या, काहींवर भांडणं लागली. पुढे गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर आले. म्हणजे टाटामध्ये पोर वाचवायचं औषध आलं त्याच वर्षांत त्या पोराच्या आईला फुकट झोपायला जागा देणारं परळ मोडलं. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नव्हता. पण फटका एकाच बाईला बसला. नव्वदच्या दशकात शाळेत जाता-येता मी टाटाच्या भिंतीलगत प्लास्टिकचे कागद ताणून राहणारी कुटुंबं बघायची. तोंडावर पट्टी, डोक्यावर केस नाहीत अशी मुलं आणि शेजारी स्टो.

लोक निर्दयी नव्हते. संध्याकाळी टेम्पो यायचे, पुरी-भाजी, खिचडी, केळी वाटायचे. वाढदिवसाला, पितृपक्षात, बरसीला अन्नदान करायला लोक रांग लावायचे, अजूनही लावतात. अडचण अशी, की केमोनंतर मुलाच्या पांढऱ्या पेशी खाली जातात. ‘काउंट पडला’ हा शब्द बिहारी, बंगाली, कोकणी सगळ्या आयांच्या तोंडी तोच. काउंट पडलेल्या मुलाला उघड्यावरची, चार तासांपूर्वी शिजवलेली खिचडी म्हणजे जुलाब, ताप आणि पुन्हा भरती. कर्करोगाने न गेलेली मुलं कधी कधी संसर्गाने जात. आणि फुटपाथवर दोन महिने काढले की बाप म्हणायचा, चला घरी, मागे म्हशी आहेत, धाकटी आजीकडे आहे, जमीन गहाण आहे. डॉक्टरांच्या भाषेत याला उपचार सोडणं म्हणतात. माझ्या मते त्यातल्या अनेकांना उपचारांनीच सोडलं होतं.

२००६ साली निहाल आणि श्यामा कविरत्ने यांनी सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स सुरू केलं, परळ भागातच. इथे पहिल्यांदा मुलाच्या घराचा म्हणून विचार झाला. एका केंद्रात मोजकीच कुटुंबं. प्रत्येक कुटुंबाला आपली जागा, आपलं कपाट, आणि समाईक स्वयंपाकघरात आपली शेगडी. किराणा संस्थेचा, रांधणारी आई. इस्पितळात न्यायला-आणायला गाडी, मुलांना शिकवायला बाई, आईबापांशी बोलायला समुपदेशक. टाटाच्या बालविभागानेही मग इम्पॅक्ट नावाचं फाउंडेशन उभारून राहणं, जेवण, पैसा, पोषण असं सगळं एका ठिकाणी बघायला घेतलं. आणि उपचार अर्धवट सोडणाऱ्यांचं प्रमाण घसरलं.

या सगळ्यात शेगडी मला सर्वांत मोठी सुधारणा वाटते. आयतं अन्न देणं सोपं असतं, फोटोही चांगला येतो. पण शेगडीने तीन कामं होतात. मुलाला ताजं मिळतं. सहा महिने दुसऱ्याच्या हातचं खाऊन येणारा ओशाळेपणा जातो. आणि दवाखान्यात दिवसभर फक्त ‘साइन करा’ ऐकणाऱ्या बाईला एक तरी गोष्ट तिच्या मनाने करता येते. अर्थात माझ्या डोक्याला ताप तिथूनच सुरू होतो. बंगालच्या बाईला मोहरीचं तेल हवं आणि उकडा तांदूळ. बिहारवाली सत्तू मागते. विदर्भातली म्हणते ज्वारी नाही तर पोर जेवत नाही. आमच्या रत्नागिरीच्या एका ताईंना तर सोलं हवी होती, आणि आहारतज्ज्ञ बाई आंबट नको म्हणत होत्या, कारण पोराचं तोंड आलेलं. शेवटी सोलं आली, ताईंनी आपल्यापुरती कढी केली, पोराला वरण-भात.

सरकारी योजना आल्या, त्याने फरक पडला हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. महाराष्ट्रात २०१२पासून जीवनदायी योजना, जिला २०१७ साली महात्मा फुल्यांचं नाव मिळालं, मग २०१८ साली आयुष्मान भारत. रेल्वेने कर्करोगाच्या पेशंटला उपचारासाठी जाताना स्लीपरचं भाडं पूर्ण माफ केलं आहे, सोबत्याला पाऊण सवलत आहे. म्हणजे औषध योजनेत बसतं, गाडी सवलतीत बसते. मधली सहा महिन्यांची खोली कशातच बसत नाही. ती दात्यांवर. आणि खोली नसली की आधी मुलगी मागे राहते. २०२२ साली ‘लॅन्सेट ऑन्कॉलॉजी’त भारतातल्या मोठ्या इस्पितळांच्या नोंदींचा अभ्यास आला. लोकसंख्येच्या नोंदवह्यांत मुलगे-मुलींचं जे प्रमाण दिसतं त्यापेक्षा इस्पितळात मुलग्यांची गर्दी जास्त, असं त्यात निघालं. आमच्या नोंदवहीवरून नजर फिरवली तरी कळतं.

दरम्यान मुंबई पोर्ट ट्रस्टने कॉटन ग्रीनमधल्या तीन जुन्या इमारती या कामाला दिल्या, आणि टाटा व सेंट ज्यूड यांनी तिथे मोठी वसाहत केली. मला या जागेचं अप्रूप निराळंच आहे. याच भागात कापसाच्या वखारी होत्या, वडिलांच्या गिरणीत जाणाऱ्या गठड्या इथूनच यायच्या. आता तिथे शाळेचे वर्ग आहेत. खारघरलाही अशी केंद्रं झाली, कारण टाटाचा बराच पसारा तिकडे सरकतो आहे. पण खारघरला चाळ कधी नव्हती. घरमालक केस गेलेलं पोर बघून ‘सोसायटीत चालत नाही’ म्हणतात, कॅन्सर लागट नसतो हे सुशिक्षितांना सांगावं लागतं. आमच्या आईला ते कोणी सांगितलं नव्हतं, आणि तरी ती अशा पोरांना मांडीवर घ्यायची.

दात्यांबद्दल माझी एक जुनी तक्रार आहे. खोलीला दोनशे अर्ज येतील इतके दाते मिळतात, कारण दारावर वडिलांच्या नावाची पाटी लागते. किराण्याला मिळतात, शाळेच्या दप्तरांना तर नको म्हणावं लागतं. पण आमच्या इमारतीत लिफ्ट आहे, तिच्या वार्षिक देखभालीला कोणी पुढे येत नाही. हाडाच्या कॅन्सरने पाय काढलेलं चौदा वर्षांचं पोर तिसऱ्या मजल्यावर राहतं. मागच्या दिवाळीत भायखळ्याचे एक भाजीचे व्यापारी देणगी घेऊन आले, पाटी कुठे लावणार म्हणाले. मी म्हटलं, शेठ, लिफ्टच्या आत लावू, दिवसातून शंभर जण वाचतील. ते हसले, नाही म्हणाले, आणि तांदळाची दहा पोती पाठवून दिली. तांदूळ आमच्याकडे भरपूर होता. पण तो उकडा निघाला, तेव्हा मी आधी बंगालच्या बायकांना बोलावून घेतलं. लिफ्टचं बिल मार्चमध्ये येईल.