वऱ्हाडचा कापूस: शेत आणि बाजार

"वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड" ही म्हण आपण ऐकलेलीच आहे. पूर्णेच्या खोऱ्यांतील काळी जमीन ज्यानें पाहिली, त्याला या म्हणींत अतिशयोक्ति वाटणार नाहीं. परंतु कुऱ्हाड सोन्याची असली, तरी तिचा दांडा कोणाच्या हातीं होता, हें आज थोडें पाहूं.

आगगाडीपूर्वीं वऱ्हाडचा कापूस बाहेर जात नसे, असें नव्हे. लमाणांचे तांडे तो बैलांच्या पाठीवर लादून थेट गंगेकांठच्या मिर्झापुरापर्यंत नेत. वाटेंत तो भिजे, मळे. पण अशा वाहतुकीनें माल जाणार तो किती? बराचसा कापूस जवळपासच कांतला व विणला जाई.

१८५३ सालीं निजामानें हा मुलूख इंग्रजांच्या कारभाराखालीं दिला. पुढें १८६१ मध्यें अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. मुंबईंत भाव कडाडले. १८६५ मध्यें युद्ध संपलें, तसे ते कोसळलेही. गंमत अशी कीं, लोहमार्ग नागपुरास पोंचला तो १८६७ सालीं, आणि खामगांवचा फांटा लॉर्ड मेयोच्या हस्तें खुला झाला तो १८७० सालीं! तेजी ओसरली होती. रूळ मात्र राहिले, आणि त्यांच्याबरोबर दूरच्या बाजाराचा भावही गांवोगांव येऊन बसला.

मग कारखाने निघाले, पण कसले? सरकी काढण्याचे आणि रुई दाबून गाठी बांधण्याचे. हंगामाचे चार महिने धुराडें पेटे, एरवीं आवारांत शुकशुकाट. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ सालीं निघाली, तीही वऱ्हाडाबाहेर, नागपुरास. कापूस पिकविणाऱ्या कुणब्याला कापड विकत घ्यावें लागे. ज्वारीच्या शेतांतही पऱ्हाटी शिरली. १८९९-१९०० च्या दुष्काळांत कापूस नेणाऱ्या त्याच गाडीनें धान्य आणलें. पण तें घ्यावयास गरिबाजवळ पैसा कोठें होता?

बाजारांतली गोष्ट याहून निराळी नव्हती. पहांटे गाडी घेऊन आलेल्या शेतकऱ्यास दलाली, हमाली, तोलाई, धर्मादाय असें एकेक कापून देतां देतां हातीं पडे तें मुकाट्यानें उपरण्यांत बांधावें लागे. बैल उपाशी, घर लांब. माल परत नेणार कोण? या गोंधळाला आळा घालण्यासाठीं १८९७ सालीं वऱ्हाडांत कापूस व धान्य बाजारांचा कायदा झाला. हिंदुस्थानांतील बाजार-नियमनाचा हा अगदीं आरंभीचा कायदा. वऱ्हाडास त्याचा अभिमान वाटावा असाच. दलालांना परवाने लागले, बाजारावर समित्या नेमल्या गेल्या. मात्र त्या समित्यांत बसले व्यापारी आणि नगरपालिकेचे सभासद. ज्याच्या गाडीवर सारा बाजार उभा, त्या शेतकऱ्याच्या प्रतिनिधीला तेथें जागाच ठेवलेली नव्हती. मुंबई इलाख्यानें १९२७ सालीं आपला कापूस-बाजार कायदा केला, तेव्हां ती त्याला दिली. आणि वऱ्हाडांतील ही उणीव शाही शेतकी कमिशनानें १९२८ च्या अहवालांत नमूद केली.