वॉरंटीतली गाडी, वारंवारचा बिघाड आणि आपला हक्क : ११० वर्षांची गोष्ट

कोडोलीत नवी गाडी आली की पहिली फेरी जोतिबाला. पूजा, नारळ, पेढे, आणि मग स्टेटसला फोटो. तोवर सगळं छान असतं. पण महिन्याभरात क्लच घासायला लागला, डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझेना, गाडी पाचव्यांदा सर्व्हिस सेंटरला गेली, की मालकाला कळतं की हप्ता मात्र दर महिन्याला वेळेवर जातोय. मग दोनच वाक्यं ऐकू येतात. एक शोरूमचं, "हे नॉर्मल आहे साहेब." दुसरं आपल्याच चौकातलं, "कंपनीशी कोण भांडणार?"

हे दुसरं वाक्य खोटं आहे. भांडणारे होते, आणि त्यांच्यामुळेच आज आपल्या हातात कायदा आहे.

जुना नियम साधा होता, घेणाऱ्याने बघून घ्यावं. बैल घेताना दात बघा, धान्य घेताना मूठभर चावून बघा. नंतर काही निघालं तर नशीब तुमचं. पण मोटारीचे दात कुठे बघणार? १९१६ साली अमेरिकेत न्यूयॉर्कच्या कोर्टापुढे ब्युइक गाडीचा खटला आला. चाकाचे लाकडी आरे मोडून मालक जखमी झाला होता. कंपनी म्हणाली, आम्ही गाडी डीलरला विकली, या माणसाशी आमचा संबंध नाही. न्यायमूर्ती कार्डोझो यांनी ते मानलं नाही. बनवणाऱ्याची जबाबदारी डीलरच्या दारात संपत नाही, हे तिथे ठरलं. आज शोरूमवाला कंपनीकडे आणि कंपनी शोरूमकडे बोट दाखवते ना, तो खेळ तेव्हापासूनचा आहे.

आपल्याकडे १९३० च्या मालविक्री कायद्यात माल कामाला योग्य असावा, अशी अट होती. पण दाद मागायची तर दिवाणी कोर्ट. वकील, तारखा, आणि वर्षं. त्यात स्वातंत्र्यानंतर परवाना राज्य आलं. फियाट किंवा अँबॅसडर नोंदवून वर्षानुवर्षं थांबायचं. बजाजच्या स्कूटरलाही तीच रांग. गाडी मिळाली हेच उपकार, तिथे तक्रार कोण करणार!

या वातावरणात १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली. १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. घरोघरच्या लोकांनी एकत्र येऊन घाऊक माल घ्यायचा आणि आपसात वाटायचा, इतकी साधी सुरुवात. आपल्या शेजारी वारणानगरला 'वारणा बाजार' बघितलेल्यांना ही कल्पना समजावून सांगायला नको. एकटा गिऱ्हाईक कमजोर, संघटित गिऱ्हाईक भारी, हे सहकाराच्या मातीतलंच शहाणपण आहे. या चळवळीने मागणी लावून धरली. जगातही वारं फिरत होतं, १९८५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी ग्राहक संरक्षणाची तत्त्वं मान्य केली. २४ डिसेंबर १९८६ ला आपल्या ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. म्हणून २४ डिसेंबर हा राष्ट्रीय ग्राहक दिन.

कायदा आला, आणि गाड्यांची प्रकरणं सुप्रीम कोर्टापर्यंत पोचली. त्यातली तीन लक्षात ठेवा.

पहिलं २००४ चं. कंपनी मुंबईची प्रीमियर ऑटोमोबाइल्स, वालचंद हिराचंदांनी स्थापन केलेली. नवी म्हणून विकलेल्या डिझेल गाडीत दोष निघाले. ग्राहकाच्या बाजूने उभा राहिला तो गाडीच्या तपासणीचा अहवाल. दोषी गाडी नवी म्हणून विकणं लाजिरवाणं आहे, अशा कडक शब्दांत कोर्टाने सुनावलं.

दुसरं २००६ चं, मारुती उद्योगचं. खालून आदेश होता की पूर्ण गाडी बदलून द्या. सुप्रीम कोर्टाने तो बदलला. वॉरंटीत लिहिलंय काय, तर सदोष भाग दुरुस्त करू किंवा बदलू. मग दुरुस्तीने दोष जात असेल तर अख्खी गाडी मागता येणार नाही. हा निकाल आपल्याला कडू वाटेल, पण माहीत असायलाच हवा. कंपनीचा वकील पहिला तोच दाखवतो.

तिसरं गोव्याचं, २०२१ चं. ग्राहकाने पैसे २०११ च्या मॉडेलचे दिले आणि हातात आली २००९ ची, आधीच ६२२ किलोमीटर धावलेली गाडी. पण डीलरच्या या लबाडीत कंपनीचा हात असल्याचा पुरावा नव्हता, म्हणून टाटा मोटर्स सुटली. म्हणजे कंपनी आणि डीलर दोघांना प्रतिवादी करा, पण कोणाची चूक कोणती ते वेगवेगळं लिहा.

अमेरिकेत १९८२ पासून राज्याराज्यांत 'लेमन लॉ' आले. ठराविक वेळा दुरुस्त करूनही गाडी सुधारली नाही, तर बदली गाडी किंवा पैसे परत. आपल्याकडे असा वेगळा कायदा नाही. पण २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात दोष काढणं, वस्तू बदलणं, पैसे परत, नुकसानभरपाई हे सगळे आदेश आयोग देऊ शकतो. शिवाय उत्पादकाच्या जबाबदारीचं स्वतंत्र प्रकरण आहे. लेखी वॉरंटी दिली आणि माल तसा नसला, तर निष्काळजीपणा सिद्ध न करताही उत्पादक जबाबदार धरता येतो.

आपल्या गावासाठी सगळ्यात मोठा बदल वेगळाच आहे. पूर्वी तक्रार बहुधा कंपनी-डीलर जिथे, तिथे करावी लागे. आता ग्राहक राहतो तिथे करता येते. गाडी पुण्यात घेतली असली तरी कोडोलीचा माणूस कोल्हापूरच्या जिल्हा आयोगात जाऊ शकतो. ५० लाखांपर्यंत दिलेली किंमत असेल तर जिल्हा आयोग. फी किती? ५ ते १० लाखांच्या गाडीला २०० रुपये, १० ते २० लाखांना ४००. ऑनलाइनही दाखल करता येते, वकील सक्तीचा नाही.

आणि पिकअप-टेम्पोवाल्यांनो, तुम्हालाही लागू. १९९५ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलंय, पोटासाठी स्वतः चालवायला घेतलेलं वाहन असेल तर तो माणूस ग्राहकच. दहा गाड्या घेऊन ड्रायव्हर ठेवले तर गोष्ट वेगळी.

आता इतिहासाचा धडा. निकालांत राग जिंकत नाही, कागद जिंकतो. म्हणून :

– प्रत्येक वेळी जॉबकार्ड घ्या, आणि तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या. "जनरल चेकअप" लिहिलं तर सही करू नका.
– एकच दोष पुन्हापुन्हा आला हे तारखांवरून दिसलं पाहिजे. गाडी किती दिवस वर्कशॉपला होती तेही मांडा.
– फोनवर बोललात तरी नंतर ईमेल टाका, डीलर आणि कंपनी दोघांना.
– १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.
– मूळ दोष उत्पादनातलाच आहे म्हणायचं असेल तर तज्ज्ञाच्या तपासणीची मागणी आयोगाकडे करा.
– मुदत २ वर्षांची. "बघू, करू" म्हणत शोरूमवाले जे दिवस घालवतात, ते तुमच्याच मुदतीतून जातात.

आयोगातही तारखा पडतात, कायद्यात लिहिलेले तीन-पाच महिने बऱ्याचदा कागदावरच राहतात. तरीही जाणं सोडू नका. सुमारे चाळीस वर्षांपूर्वी लोकांनी हा कायदा भांडून घेतला तो कपाटात ठेवायला नाही. कुणाची गाडी अशी अडकली असेल तर आज रात्री जॉबकार्डं तारखेनुसार लावून ठेवा. पोस्ट त्यांच्यापर्यंत पोचवा.