महात्माजींनी दूध का सोडले?

दुधाचा धंदा हा ज्या ज्ञातीचा पिढीजात व्यवसाय, तिच्याच स्मरणिकेत दूध वर्ज्य करणाऱ्यांविषयी लेख यावा, हे काही वाचकांस चमत्कारिक वाटेल. परंतु अलीकडे आपल्याच घरांतील शिकलेली काही मुलेमुली ‘व्हीगन’ ह्या नावाखाली दूध, दही, तूप सोडू लागली आहेत, आणि वडील मंडळी ‘हे विलायती खूळ’ म्हणून त्यांस धुडकावून लावीत आहेत. हे खूळ आहे की नाही, ह्याचा निवाडा करण्याचा मला अधिकार नाही. ते केवळ विलायती नाही, एवढे मात्र इतिहासावरून दाखविता येते. ‘व्हीगन’ हा शब्द इंग्लंडात १९४४ साली डोनाल्ड वॉटसन व त्यांचे सहकारी ह्यांनी प्रचारात आणला. ‘व्हेजिटेरियन’ ह्या इंग्रजी शब्दाची पहिली तीन व शेवटची दोन अक्षरे जोडून तो बनविलेला आहे. त्याच्या बत्तीस वर्षे आधी महात्मा गांधींनी दूध सोडले होते, आणि त्यांस कारण झाली होती आपल्या व्यवसायाचीच एक हकिगत.

त्या वेळी महात्माजी दक्षिण आफ्रिकेत होते. दूध विकारांस उत्तेजक आहे, ही गोष्ट त्यांनी श्रीमद् राजचंद्र ह्यांच्याकडून पूर्वीच ऐकली होती. तो ब्रह्मचर्याचा विषय असल्याने येथे सोडून देऊ. पुढे कलकत्त्याहून छापून आलेले काही वाङ्मय त्यांच्या वाचनात आले. गाईम्हशींच्या अंगातून दुधाचा शेवटचा थेंब काढण्यासाठी तेथील धंदेवाले काय काय करीत, त्याचे त्यात वर्णन होते. त्यांपैकी एका प्रकाराचे नाव ‘फुका’. वासरू मेले किंवा काढून टाकले, म्हणजे गाय पान्हा चोरते, हे आपल्यातील लहान मुलासही ठाऊक आहे. तो पान्हा बळाने सोडविण्यासाठी नळीने जनावराच्या जननमार्गात हवा फुंकावयाची, अशी ती रीत. ह्याहून अधिक वर्णन करवत नाही. विशेष हे की, १८९० च्या कायद्यानेच फुका हा शिक्षेस पात्र गुन्हा ठरविला होता; तरीही तो चालू होता. हे वाचून महात्माजींनी १९१२ साली जोहान्सबर्गजवळील टॉल्स्टॉय फार्मवर, आपले जर्मन स्नेही हर्मन कॅलनबाख ह्यांच्यासह दूध सोडले.

ह्या व्रताची पहिली मोठी कसोटी लागली ती आपल्या महाराष्ट्रातील एका थोर पुरुषासमोर. १९१४ च्या ऑगस्टात महात्माजी लंडनला पोहोचले, तेथे ते आजारी पडले. शेंगदाणे, केळी, लिंबू, ऑलिव्हचे तेल, टोमॅटो, द्राक्षे एवढ्यावरच त्यांचा निर्वाह चाललेला. डॉ. जीवराज मेहता ह्यांनी दूध व धान्य घेण्याचा आग्रह धरला आणि प्रकरण नामदार गोखल्यांच्या कानावर गेले. गोखल्यांस ते गुरुस्थानी मानीत. त्यांचा शब्द मोडणे म्हणजे काय, हे जुन्या काळी शाळेत शिकलेल्यांस सांगावयास नको. महात्माजींनी विचारास एक दिवस मागून घेतला. दुसऱ्या दिवशी कॅलनबाखसह ते गोखल्यांच्या मुक्कामी गेले आणि बाकी सर्व मानीन, पण दूध, दुधाचे पदार्थ व मांस घेणार नाही, असे त्यांनी नम्रपणे सांगितले. गोखल्यांस ह्यात धर्म दिसेना. तसे त्यांनी बोलूनही दाखविले. पण पुढे आग्रह केला नाही. माझ्या मते ह्या भेटीत दोघांचाही मोठेपणा सारखाच दिसतो. पुढे १९१५ च्या फेब्रुवारीत गोखले निवर्तले.

१९१८ साली खेडा जिल्ह्यात हिंडत असता महात्माजींस आमांशाने असे गाठले की, जगण्याची आशा राहिली नाही. हवापालटासाठी माथेरानला नेले, तेही सोसेना. अखेर मुंबईस डॉ. दलाल ह्यांनी निक्षून सांगितले की, दुधावाचून हे शरीर पुन्हा उभे राहणार नाही. महात्माजींनी आपल्या व्रताची हकिगत सांगितली. कस्तुरबा उशाशीच होत्या. फुक्याचा छळ गाईम्हशींचा, तर शेळीच्या दुधास आडकाठी का असावी, असा प्रश्न त्यांनी केला. डॉक्टरांनी तो तत्काळ उचलून धरला. अशा रीतीने १९१९ च्या आरंभी महात्माजी शेळीचे दूध घेऊ लागले. मात्र आपल्या आत्मकथेत त्यांनी स्वच्छ लिहिले आहे की, व्रताचे अक्षर राखले, आत्मा राखला नाही. जगून लढा देण्याच्या इच्छेपुढे आपण नमलो. कस्तुरबांस कोणी ह्याबद्दल दोष देऊ नये. संसारी स्त्रीने तेथे दुसरे काय करावयाचे?

दूध अपवित्र आहे म्हणून किंवा गवळी पापी आहे म्हणून हे व्रत घेतले गेले नव्हते. धार काढण्याच्या एका क्रूर रीतीतून ते निघाले, आणि त्या रीतीच्या मुळाशी वासराचा प्रश्न होता. म्हणूनच पुढे महात्माजींनी दूध सोडण्याचा प्रचार न करता दूधधंदा सुधारण्याचा मार्ग धरला. १९४१ साली वर्ध्यास गोसेवा संघ निघाला व त्याची धुरा जमनालाल बजाज ह्यांनी उचलली.

आता मुंबईकडे वळू. शहरातील तबेल्यांत जागेचे व वैरणीचे दाम असे की, भाकड म्हैस पुढील वेतापर्यंत पोसणे परवडत नसे. ती खाटकाकडे जाई. पारडाला दूध पाजणे म्हणजे तर रोकड पाजणे. ते उपासाने मरे, आणि त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे धरीत. १९४९ साली गोरेगावजवळ आरे वसाहत निघाली आणि शहरातील हजारो म्हशी मोकळ्या जागेत गेल्या, हे मोठेच काम झाले. पण नर पारडाचे काय करावयाचे, हा प्रश्न तेथेही सुटला नाही; आजच्या यांत्रिक गोठ्यांतही तो तसाच आहे.

१९६० चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा झाला, त्यामागे राज्यसभेत प्रथम विधेयक आणणाऱ्या श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल ह्यांचे श्रम होते. त्याच्या बाराव्या कलमात फुक्यास एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, आणि जनावर सरकारजमा, अशी शिक्षा आहे. दूध वाढविण्यासाठी जनावराच्या प्रकृतीस अपायकारक सुई टोचणे हेही आज त्याच कलमात येते. पान्हा सोडविण्यासाठी ऑक्सिटोसिनची सुई वापरणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे. नळी गेली, सुई आली.

आमच्या घरी वडिलांचा दंडक असा होता की, चार सडांपैकी एक वासराचा. तो पाहुणे आले तरी पिळावयाचा नाही. खरवसही पहिल्या दिवशीच्या चिकाचा होत नसे. तो चीक वासराचा. ह्या चालीने धंदा बुडाला नाही, पण फार वाढलाही नाही, हेही खरे आहे. मुंबईस तबेले काढणाऱ्या आपल्या घराण्यांत ही चाल किती टिकली, ती केव्हा व का सुटली, ह्याची लिखित नोंद माझ्या पाहण्यात नाही. ज्या ज्ञातिबांधवांच्या घरी वृद्ध माणसे आहेत, त्यांनी त्यांना विचारून, गाव व घराण्याच्या नावासह, माहिती मंडळाच्या पत्त्यावर लिहून पाठवावी. दूध सोडलेल्या मुलामुलींनी हे विचारण्याचे काम अंगावर घेतल्यास ते अधिक लवकर होईल.