जतन केलेला डाव

जेवणाचीं पानें वाढलेलीं असतां मुलगा व्हिडिओ गेमपुढून उठत नाहीं आणि “आतां उठलों तर सारें वायां जाईल” म्हणतो, हा प्रसंग आज पुष्कळ घरांत नित्याचा झाला आहे. वडील माणसांस हा हट्ट वाटतो. परंतु मुलाचें म्हणणें कित्येकदां अक्षरशः खरें असतें. डाव कोठें थांबवितां यावा आणि हरल्यावर पुनः कोठून आरंभ करावा, हा प्रश्न या खेळांइतकाच जुना आहे.

आरंभीं तो दुकानदारीचा प्रश्न होता. १९७८ सालीं जपानांतील टायटो कंपनीनें निशिकादो तोमोहिरो यांनीं रचलेला ‘स्पेस इन्व्हेडर्स’ बाजारांत आणला. नाणें टाकावें आणि खेळावें, असा तो प्रकार. शत्रूंची एक फळी गारद झाली कीं दुसरी उभी राही. अंतिम विजय असा नव्हताच. ज्या यंत्राची कमाई हरणारांच्या खिशावर, तें खेळाडूस फार वेळ कशाला टिकूं देईल? तेव्हांचा कठीणपणा कौशल्याच्या कसोटीइतकाच गल्ल्याच्या हिशेबांतूनही आला होता.

पुढें खेळ घरांत आले, पण यंत्रांस स्मरणशक्ति नव्हती. १९८५ च्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मध्यें वीज बंद केली कीं सारी मजल पुसली जाई. १९८६ च्या फेब्रुवारींत निंटेंडोचा ‘लेजंड ऑफ झेल्डा’ जपानांत लिहितां-पुसतां येणाऱ्या चकतीवर निघाला. पुढच्या वर्षीं तो अमेरिकेंत गेला, तेव्हां कार्ट्रिजमध्येंच बॅटरी बसविली होती. होरिई युजी यांच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’नें १९८६ मध्येंच निराळी युक्ति योजिली. त्यांतील राजा खेळाडूस २० अक्षरांचा ‘पुनरुज्जीवनाचा मंत्र’ सांगे. तो कागदावर उतरून घ्यावा व दुसरे दिवशीं तोच यंत्रास सांगून डाव पुढें चालवावा. १९८७ च्या दुसऱ्या भागांत मंत्र ५२ अक्षरांपर्यंत लांबला. उतरून घेतांना एक अक्षर चुकलें, कीं कित्येक तासांची मेहनत फुकट! १९८८ च्या तिसऱ्या भागांत बॅटरी आली व लेखणीची गरज सरली.

येथवर कठोरपणा बहुतेक निरुपायाचा होता. तो बुद्धिपुरस्सर पत्करल्याचें उत्तम उदाहरण कॅलिफोर्नियांतील मायकेल टॉय व ग्लेन विचमन या विद्यार्थ्यांनीं १९८० च्या सुमारास रचलेल्या ‘रोग’ या खेळांत सांपडतें. (इंग्रजींत या शब्दाचा अर्थ लुच्चा, आपल्याकडील आजाराशीं त्याचा संबंध नाहीं.) त्यांत डाव जतन करतां येई, परंतु पुनः उघडतांच ती नोंद नाहींशी होई. पात्र मेलें तें कायमचेंच. विसाव्याला मुभा होती, पश्चात्तापाला नव्हती.

माझ्या मतें साऱ्या वादाची किल्ली याच भेदांत आहे. डाव थांबविण्याची सोय निराळी आणि केलेली चूक पुसण्याची सोय निराळी. दोहोंसही आपण ‘सेव्ह’ हें एकच नांव देतों आणि मग उगाच भांडतों. २०११ चा ‘डार्क सोल्स’ कठीण म्हणून गाजला. तरी तो डावाची नोंद स्वतःच सतत करीत असल्यामुळें सोडून गेलेला खेळाडू त्याच जागीं परत येऊं शकतो, मात्र झालेली चूक टळत नाहीं. उलट २०१८ च्या ‘सेलेस्ट’नें गति मंद करण्याची, इतकेंच काय, पात्रास अवध्य करण्याचीही सवलत दिली. म्हणून त्याचा कठीण मार्ग कोणाचा बंद झाला नाहीं.

चूक पुसतां यावी कीं नाहीं, हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न. मला स्वतःला चुकीची थोडी शिक्षा असलेली आवडते. ती नसेल तर जिंकल्याचा आनंदही फिका पडतो. परंतु थांबण्याची सोय हा आवडीचा प्रश्न नव्हे. दिवसभर काम करून रात्रीं अर्धा तास खेळणाऱ्या माणसास, किंवा मांडीवर मूल असलेल्या आईस, केवळ फुरसत नाहीं म्हणून हरविण्यांत कसला पुरुषार्थ? खेळानें हवें तितकें कठोर असावें; पण पानें वाढलीं म्हणजे खेळाडूस उठूं द्यावें. आणि जो खेळ अजून तसें करूं देत नाहीं, त्याचा राग मुलावर काढण्यापूर्वीं वडिलांनींही पांच मिनिटें वाट पाहावी.