जांभूळ देठाला लागेपर्यंत

गोंधळाला स्पीकर लावणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यांत कमी पैशाचं आणि सगळ्यांत जास्त जागरणाचं काम. कर्णा एकच, तोही गावाकडे तोंड करून लिंबाला बांधलेला. ॲम्प्लिफायर आणि बॅटरी ओसरीच्या खांबापाशी. त्या जागेवरून गोंधळी पाठमोरा दिसतो आणि माणसं समोरून. धाराशिव जिल्ह्यातल्या कळंब, वाशी, येरमाळा या पट्ट्यात आधी वडिलांच्या हाताखाली आणि मग एकट्यानं हेच केलं, त्यामुळे गोंधळापेक्षा गोंधळ ऐकणारीच मी जास्त पाहिली. लिहायचं आहे ते त्यांच्याविषयी.

लग्न उरकलं, हळद उतरली की आमच्याकडे कुलदैवताचा गोंधळ घालतात. अंगणात ज्वारीच्या पाच धांडांचा नाहीतर पाच उसांचा मांडव, खाली पाट, त्यावर तांदळाचा चौक आणि घट. कवड्यांच्या माळा घातलेले गोंधळी. संबळ, तुणतुणं, झांज, पेटती दिवटी आणि तिला तेल पाजायला बुधली. गोंधळ्यांत दोन शाखा सांगतात: तुळजाभवानीचे कदमराई आणि माहूरच्या रेणुकेचे रेणुराई. आमच्या भागात कदमराईंचा शब्द चालतो, हे सांगायला नको.

पहिला बराच वेळ बोलावण्यात जातो. तुळजापूर, माहूर, कोल्हापूर, जेजुरी, पंढरपूर, एकेका ठाण्याच्या देवाला नाव घेऊन त्या अंगणात यायला सांगायचं. इतक्या गावांचे देव एका रात्रीत एका पाटाभोवती कसे मावले, असं विचारणारा मला भेटला नाही. बाया वेगळाच हिशेब ठेवत. "आमच्या येडाईला बोलावलं का?" येरमाळ्याची येडेश्वरी ही तुळजाभवानीची धाकटी बहीण मानतात, थोरलीला आवतन आणि धाकटीला नाही, हे कसं चालेल? तुळजापूरची देवी तर पुरती घरातलीच. नगरजवळचं बुऱ्हाणनगर तिचं माहेर, दसऱ्याची पालखी तिथून येते, आणि सीमोल्लंघन झालं की दमलेली देवी कोजागरीपर्यंत पलंगावर श्रमनिद्रा घेते. आमच्या आत्याचं म्हणणं, एवढी झोप घरातल्या दुसऱ्या कुठल्या बाईला मिळत असेल तर दाखवा.

ही चाल किती जुनी? कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात गोंडली नावाच्या नृत्याचा उल्लेख आहे, आणि अभ्यासक त्याचा धागा गोंधळाशी जोडतात. कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण, आमच्या उमरग्याच्या शेजारचं. त्यानंतर या मुलखानं यादव पाहिले, बहामनी पाहिले, शेवटी हैदराबादचा निजाम. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आम्ही निजामाच्या राज्यात होतो. जिल्ह्याचं नाव उस्मानाबाद होतं, ते अलीकडे, २०२३ मध्ये, धाराशिव झालं. लग्नपत्रिकेवरचं गाव बदललं. तिच्या तळाशी 'रात्री गोंधळ' ही ओळ मात्र माझ्या आजोबांच्या पत्रिकेत होती आणि माझ्याही.

खरी गंमत मध्यरात्रीनंतरच्या आख्यानात. मुख्य गोंधळी कथा लावणार आणि त्याचा साथीदार मुद्दाम बावळट होऊन मध्ये तोंड घालणार. कृष्ण द्वारकेहून निघाला म्हटलं की हा विचारणार, "कंच्या एस्टीनं? बार्शीत गाडी बदलली का?" भीम झाडावर चढला की, "फॉरेस्टवाल्याला इचारलं का?" पेंगणारी पोरं तेवढ्यापुरती उठून खिदळत आणि पुन्हा आडवी होत. महाभारत आणि बार्शीचा स्टँड एकाच वाक्यात आले तरी कुणाच्या कपाळाला आठी पडत नसे.

माझं आवडतं ते जांभूळ आख्यान. पुढे लोकशाहीर विठ्ठल उमपांनी ते रंगमंचावर गाजवलं, पण अंगणातला त्याचा बाज वेगळा. सांगणाऱ्यागणिक तपशील हलतो, गाभा असा. पाच नवऱ्यांची द्रौपदी कर्णाला पाहते आणि तिच्या मनात येऊन जातं, हा सहावा असता तर? कर्ण कुंतीचाच हे तिला ठाऊक नाही, ऐकणाऱ्यांना पक्कं ठाऊक. कृष्ण ओळखतो आणि सगळ्यांना वनात नेतो. भीम एक जांभूळ तोडतो. ते निघतं एका तपस्व्याचं. आता शाप चुकवायचा तर फळ परत देठाला लागलं पाहिजे, आणि ते लागेल ते एकेकानं मनातलं खरं बोलल्यावर. धर्मराज बोलतो, फळ थोडं वर सरकतं. भीम बोलतो, आणखी वर. पाचही जण होतात. द्रौपदी काहीतरी वरवरचं बोलते आणि जांभूळ तिथंच लटकतं.

इथं संबळ थांबायचा. गोंधळी आवाज इतका खाली आणायचा की कुणालाही वाटावं, स्पीकरची कळ वाढवावी. वाढवली की कर्णा शिट्टी मारतो. वडिलांची ताकीद होती, इथं हात लावायचा नाही, ज्याला ऐकायचं त्याला ऐकू येतं. मी खांबाला टेकून समोर बघायचो. पुरुषमंडळी तंबाखू मळायला लागलेली, नजर तळहातावर. बाया मात्र थेट गोंधळ्याकडे, पदर तोंडाशी. एकदा वाशीकडच्या एका अंगणात मागून एक म्हातारी बोललीच, "सांग की गं बाई, हितं परकं कोन हाय?" गोंधळ्याला नव्हे, द्रौपदीला. आणि गोंधळ्यानंही तिच्याकडे वळून, द्रौपदी होऊनच, उत्तर दिलं. ती सांगते. फळ देठाला लागतं. 'उदो उदो'चा गजर होतो. तेवढ्यात साथीदार नव्या नवरदेवासमोर जाऊन बसतो. "पाव्हणं, तुमचं जांभूळ कुठवर आलंय?" सगळं अंगण हसून लोळायचं आणि नवरी खाली मान घालायची.

फळ वर कसं गेलं, यावर दुसऱ्या दिवशी चर्चा नसायची. चर्चा एकच: मग घरी गेल्यावर नवरे काय म्हणाले?

तमाशातही हेच. 'गाढवाचं लग्न' हा वग दादू इंदुरीकरांनी महाराष्ट्रभर नेला. १९७३ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. स्वर्गातला गंधर्व शापानं गाढव होतो, सावळ्या कुंभाराच्या दारी येतो आणि राजाची मुलगी बायको म्हणून मागतो. आमच्याकडच्या जत्रांत छोटे फड तो आपापल्या परीनं करत, आणि सोंगाड्या ज्या गावात जाई त्या गावचा कुंभार होई. तेरजवळ असला तर गोरोबाकाकांचा पाव्हणा. गाढव बोलतं याला टाळी नव्हती. सावळ्या आणि त्याची बायको गंगी यांचं भांडण लागलं की शिट्ट्या पडत, फेटे उडत, कारण तेच भांडण घरी सोडून लोक जत्रेला आलेले असत.

मग लक्ष्मण देशपांडे आले. औरंगाबादला विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवणारा हा माणूस १९७९ पासून 'वऱ्हाड निघालंय लंडनला' एकट्यानं करू लागला, ५२ पात्रं एका अंगात. मराठवाड्यातल्या खेड्याचं वऱ्हाड थेट विमानानं लंडनला. लग्नाच्या मांडवात मी त्याची कॅसेट लावायचो, आणि ऐकणारे एकेका पात्राला आपल्या भावकीतलं नाव ठेवायचे. एकानं तर कॅसेट थांबवून मला विचारलं, हा आमच्या काकाला कुठं भेटला होता?

अलीकडे हेच एका परदेशी सिनेमाच्या वेळी पाहिलं. 'एव्हरीथिंग एव्हरीव्हेअर ऑल ॲट वन्स', २०२२ चा, डॅनियल क्वान आणि डॅनियल शायनर्ट यांचा. २०२३ च्या मार्चमध्ये त्याला सात ऑस्करं मिळाली. भाच्यानं पुण्याच्या थिएटरात पाहिला होता. तिथं काही पोटभर हसले, काही मध्यंतरात उठून गेले, म्हणाला. दिवाळीत त्यानं तो आमच्या ओसरीवर लॅपटॉपवर लावला. अमेरिकेतलं चिनी कुटुंब, कपडे धुण्याचं दुकान, दारात इन्कम टॅक्स, डोक्यावर म्हातारा बाप, घटस्फोटाचे कागद घेऊन फिरणारा भला नवरा, तोंडाला लागणारी पोरगी. आणि त्या बाईला, एव्हलिनला, तिची न जगलेली सगळी आयुष्यं दिसू लागतात: नवऱ्याबरोबर घर सोडलं नसतं तर ती सिनेमानटी झाली असती. भाचा पट थांबवून थांबवून विश्वं समजावून देत होता. आत्याला इंग्रजी अक्षर येत नाही, पण ती त्याच्यावरच वैतागली. "कळतंय की. तिचं जांभूळ अडकलंय."

दुसऱ्या विश्वातलं बळ अंगात आणण्यासाठी त्यातली माणसं आधी काहीतरी वेडगळ करतात, बूट उलटसुलट घालतात वगैरे. भाच्याला ते फार अफलातून वाटलं होतं. येरमाळ्याच्या चैत्री पुनवेला अंगात येणाऱ्या बाया लहानपणापासून पाहिलेल्या आत्याला त्यात नवीन काही दिसेना. बोटांच्या जागी सॉसेज आलेल्या बायका पाहून ती खोकला येईपर्यंत हसली. एका जागी मायलेकी दोन दगड होऊन कड्यावर बसलेल्या दिसतात, आवाज नाही, नुसती अक्षरं. भाचा म्हणाला, पुण्यात इथं लोक रडले. आत्यानं विचारलं, "पोरगी कुठली, डावीकडची का?" आणि पुढे सरसावून बसली.

मला स्वतःला तो सिनेमा लांबला असं वाटलं. मारामारी निम्म्यानं कमी केली असती तर जांभूळ लवकर लागलं असतं. पण मी खांबापाशी बसणारा माणूस, माझं लक्ष पडद्यावर कमीच.

अलीकडे गोंधळ तासाभरात आटपतो. हॉल दहाला रिकामा करून द्यायचा असतो, डीजेवाला आधीच पोटात दणके देऊन गेलेला असतो, आणि गोंधळी आवाहन, आरती करून ओवाळणीचं ताट फिरवतो. गेल्या उन्हाळ्यात कळंबच्या एका मंगल कार्यालयात असंच ताट फिरायला लागलं. नवरदेवाची आजी खुर्चीवरून उठली, ताटावर हात ठेवला आणि गोंधळ्याला म्हणाली, "जांभूळ लावून जा, मग बिदागी घे." हॉलचा मॅनेजर घड्याळ दाखवायला आला. आजीनं त्याला शेजारची खुर्ची दाखवली. मी कर्ण्याची वायर गुंडाळायला घेतली होती, ती पुन्हा सोडली.